टाळेबंदीत थांबलेली पावले आणि मधुमेहाचा उंबरठा

२२ मार्च २०२० रोजी जनता संचारबंदी पाळली गेली आणि त्याच सुमारास मुंबईची उपनगरी रेल्वे सर्वसामान्यांसाठी थांबली. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी १५ जूनपासून काही गाड्या धावू लागल्या, स्त्री प्रवाशांना २१ ऑक्टोबरपासून ठरावीक वेळांत मुभा मिळाली आणि इतरांसाठी लोकलचे दार १ फेब्रुवारी २०२१ रोजी वेळेच्या बंधनासह उघडले. एप्रिलमध्ये ते पुन्हा बंद झाले. लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१ पासून प्रवास करता येऊ लागला. म्हणजे ठाणे, कल्याण किंवा डोंबिवली येथील ज्या पुरुष नोकरदाराचे काम अत्यावश्यक गणले गेले नाही, त्याला जवळजवळ सतरा महिन्यांपैकी जेमतेम दोन-अडीच महिने लोकल मिळाली.

या काळात नोकऱ्या गेल्या, पगार कापले गेले, हाल झाले. त्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे आणि ते योग्यच आहे. आम्हांला मात्र येथे एका वेगळ्या, फारशा न बोलल्या गेलेल्या हानीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. ज्यांना मधुमेह झालेला नाही, पण होण्याचा संभव मोठा आहे, अशा माणसांच्या रोजच्या सवयी या टाळेबंदीने कशा बदलल्या, हा तो विषय होय.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणपर्यंत पोहोचला. तेव्हापासून या गावांचा दिनक्रम गाडीच्या वेळापत्रकाशी जुळत गेला. डोंबिवलीच्या चाकरमान्याचा दिवस डोळ्यांसमोर आणावा. घरापासून स्थानकापर्यंत चालणे, पुलाचे जिने चढणे-उतरणे, जागा मिळाली नाही तर तासभर उभे राहणे, दादर किंवा घाटकोपरला गाडी बदलणे आणि उतरल्यावर कचेरीपर्यंत पुन्हा पायपीट. संध्याकाळी हेच उलट दिशेने, शिवाय वाटेत भाजी घेण्यासाठी मंडईतून एक फेरी. घर स्थानकापासून एक किलोमीटर आणि कचेरीही उतरण्याच्या स्थानकापासून तेवढीच दूर असे धरले, तरी दिवसाकाठी चार किलोमीटर होतात. याला कोणी व्यायाम म्हटले नाही. उलट सर्वजण त्याला त्रास म्हणत आले, आणि गर्दीचा विचार करता तो त्रास आहेच. परंतु मनाचा निश्चय, सकाळचा गजर किंवा व्यायामशाळेची वर्गणी यांपैकी कशाचीही गरज न लागता लाखो माणसांकडून रोज घडणारे हे चालणे होते, आणि ते एका दिवसात संपले.

धोक्याच्या उंबरठ्यावर नेमके कोण असते, हे आता पाहू. उपाशीपोटी रक्तातील साखर १०० ते १२५ मिलिग्रॅम, अथवा ग्लुकोज प्यायल्यानंतर दोन तासांनी १४० ते १९९, अथवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए१सी ही तपासणी ५.७ ते ६.४ टक्के आली, तर डॉक्टर त्या स्थितीला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, तर १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहपूर्व अवस्थेत आहेत. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आहे, याकडे वाचकांनी लक्ष द्यावे. या माणसांना काही दुखत नाही, खुपत नाही, त्यांच्या उशाशी गोळ्यांची पाकिटे नसतात. बहुतेकांना आपण त्या संख्येत आहोत याची कल्पनाही नसते.

तपासणी न करताही आपला धोका अजमावण्याचे एक साधे साधन उपलब्ध आहे. चेन्नईचे डॉ. व्ही. मोहन आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ साली तयार केलेली भारतीय मधुमेह धोका गुणपत्रिका चार गोष्टी विचारते. वय ३५ ते ४९ असल्यास २० गुण, ५० किंवा अधिक असल्यास ३०. आई किंवा वडील यांपैकी एकाला मधुमेह असल्यास १०, दोघांना असल्यास २०. कंबरेचा घेर पुरुषांत ९० ते ९९ सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० ते ८९ असल्यास १०, त्याहून अधिक असल्यास २०. नियमित व्यायाम आणि अंगमेहनतीचे काम दोन्ही असल्यास शून्य, दोहोंपैकी एकच असल्यास २०, आणि बैठे काम असून व्यायामही नसल्यास ३०. बेरीज ६० किंवा त्यापुढे गेली की धोका मोठा, ३० ते ५० मध्ये मध्यम, आणि ३० च्या खाली कमी समजावा.

या चारांपैकी वय आणि आईवडील आपल्या हाती नाहीत. कंबर आणि हालचाल या दोनच गोष्टी बदलता येतात, आणि शंभरांपैकी पन्नास गुण त्यांचेच आहेत. टाळेबंदीने नेमका याच दोन गोष्टींवर घाव घातला. उदाहरण घेऊ. ठाण्याचा एक ४८ वर्षांचा कारकून, आईला मधुमेह, स्वतःची कंबर ८८ सेंटिमीटर, रोज सकाळी उपवन तलावाभोवती नियमित फिरणारा. त्याचे गुण २०, १०, शून्य आणि २० मिळून ५० होतात. फिरणे थांबले आणि वर्षभरात कंबर ९१ वर गेली, तर तोच माणूस २०, १०, १० आणि ३० मिळून ७० वर पोहोचतो. आजार नाही, वेदना नाही, अंगावरचे कपडे थोडे घट्ट झाले एवढेच. तरीही तो मध्यम धोक्यातून मोठ्या धोक्यात गेला.

चालणे थांबल्याने इतके का बिघडावे, असा प्रश्न कोणीही विचारील. जेवणानंतर रक्तात उतरणाऱ्या साखरेचा मोठा वाटा शरीराचे स्नायू उचलतात. त्यासाठी स्वादुपिंडातून येणारे इन्शुलिन किल्लीसारखे काम करते. स्नायू हालचाल करीत असतात तेव्हा तर इन्शुलिनच्या मदतीवाचूनही ते साखर आत घेऊ शकतात, ही निर्मात्याने केलेली मोठी सोय म्हणावी लागेल. स्नायू निष्क्रिय बसले की मात्र त्याच साखरेसाठी अधिक इन्शुलिन लागते आणि सारा भार स्वादुपिंडावर येतो. डेन्मार्कमध्ये १० निरोगी तरुणांवर केलेला एक प्रयोग २०१० साली प्रसिद्ध झाला. रोज दहा हजारांहून अधिक पावले चालणाऱ्या त्या तरुणांना दोन आठवडे फक्त सुमारे तेराशे पावलांवर आणण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या शरीराचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुमारे १७ टक्क्यांनी घटला. हे सारे दोन आठवड्यांत, आणि तेही निरोगी तरुणांत घडले, हे लक्षात घ्यावे.

आपल्याकडील शरीरप्रकृतीचा विचार यात मिळवावा लागतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीय माणूस दिसायला सडपातळ असूनही अंतर्यामी चरबीयुक्त असतो, हे दीर्घ संशोधनाने दाखवून दिले आहे. २००४ साली त्यांनी व ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते; पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. तेव्हा ‘मी कुठे जाड आहे?’ हे समाधान आपल्या लोकांनी फार काळ बाळगू नये. वजनकाट्यापेक्षा कंबरेची फीत अधिक खरे बोलते.

आता आपल्या शहरांत काय घडले ते पाहू. राज्य शासनाच्या नव्या नियमांनुसार ३ जून २०२० पासून मोकळ्या जागी चालण्याची, धावण्याची, सायकल चालवण्याची परवानगी मिळाली होती. लोक पुन्हा बाहेर पडू लागले होते. परंतु रुग्णसंख्या वाढल्यामुळे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी २ जुलैपासून पुन्हा कडक टाळेबंदी जाहीर केली. ती आधी १२ जुलैपर्यंत होती, पुढे १९ जुलैपर्यंत वाढली. त्या वेळी तो निर्णय आवश्यक होता की नव्हता, या वादात आम्ही शिरत नाही. सांगायचे ते इतकेच की, महिनाभरापूर्वी मिळालेली चालण्याची मोकळीक या शहरांत पुन्हा काढून घेतली गेली. व्यायामशाळा २५ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी उघडल्या. आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेबरोबर हे सारे पुन्हा मिटले. तुटलेली सवय जोडावी, तोच ती पुन्हा तुटावी, असे दीड वर्ष चालले.

ज्यांच्या संकुलात मोकळे आवार किंवा मोठी गच्ची होती त्यांना निदान तेथे फेऱ्या घालता आल्या. कल्याण पूर्वेच्या चाळींत किंवा डोंबिवलीच्या एका खोलीच्या घरात पाच-सहा माणसे दिवसभर बसली असता चालायचे कोठे? स्त्रियांची स्थिती तर आणखी निराळी. संकुलांत मोलकरणींना प्रवेश नसल्यामुळे धुणे, भांडी, झाडलोट यांचा भार गृहिणींवर आला. काहींची हालचाल त्यामुळे वाढलीच, पण त्याला विश्रांतीची जोड नव्हती. ज्या भगिनी त्या घरांतून काम करीत होत्या त्यांचे चालणेही गेले आणि वेतनही गेले.

आमच्या धर्मग्रामांतील वृद्धांचा उल्लेख येथे केलाच पाहिजे. अनेक आजी-आजोबांचे आठवड्यातील, काहींचे तर दररोजचे, एकमेव चालणे म्हणजे चर्चपर्यंत जाणे आणि परत येणे. ठाण्याच्या संत योहान बाप्तिस्ता चर्चमधून मिस्सा आटोपली की तलावपाळीवर एक फेरी मारायची, भेटेल त्याची विचारपूस करायची, हा कित्येकांचा जुना परिपाठ. राज्यातील प्रार्थनास्थळे भाविकांसाठी बंद झाली ती १६ नोव्हेंबर २०२० रोजी उघडली. २०२१ च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद होऊन ७ ऑक्टोबर २०२१ रोजी उघडली. त्या दिवसांत दूरचित्रवाणीवरून आणि भ्रमणध्वनीवरून मिस्सा घराघरांत पोहोचली, ही मोठी सांत्वनाची गोष्ट होती. परंतु ती आरामखुर्चीत बसून पाहिली गेली, आणि त्यातील काही ज्येष्ठ मंडळी दारे उघडल्यावरही त्या खुर्चीतून उठलेली नाहीत.

ताटाची कथा याहून गुंतागुंतीची आहे. तो उपवासकाळ होता. राखेचा बुधवार २६ फेब्रुवारीला झाला होता आणि ईस्टर १२ एप्रिलला आला. कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो अशी निराधार अफवा फेब्रुवारी-मार्चमध्येच पसरली होती. त्यातच बाजार बंद पडल्याने मासळी मिळणे दुरापास्त झाले. आपल्या घरांत प्रथिने येतात ती मुख्यतः मासळी, मटण आणि अंडी यांतून. ती ताटातून उठली, तेव्हा त्यांची जागा डाळी-कडधान्यांनी थोडी आणि भात, बटाटा, पाव यांनी फार घेतली. गरीब कुटुंबांना केंद्र शासनाच्या योजनेतून एप्रिल २०२० पासून माणशी दरमहा पाच किलो धान्य मोफत मिळाले. त्या धान्याने असंख्य घरांची चूल पेटती ठेवली, त्याविषयी कृतज्ञताच बाळगली पाहिजे. पण तांदूळ आणि गहू म्हणजे प्रामुख्याने कर्बोदके, हेही खरे. देशव्यापी पाहणीच्या संशोधकांनी २०२२ साली मांडलेला निष्कर्ष असा की, भारतीयांनी आहारातील कर्बोदकांचा वाटा एकूण उष्मांकांच्या ५० ते ५५ टक्क्यांपर्यंत खाली आणावा आणि प्रथिनांचा २० टक्क्यांच्या जवळ न्यावा. टाळेबंदीचे ताट नेमके उलट दिशेला कलले होते.

शिवाय वेळ. सकाळची गाडी पकडायची नसल्यामुळे रात्रीचे जेवण लांबले, झोप लांबली, उठणे लांबले. दूरदर्शनने २८ मार्चपासून ‘रामायण’ पुन्हा दाखवायला घेतले आणि सारे घर पडद्यासमोर बसले. चहाच्या फेऱ्या वाढल्या, चहाबरोबर बिस्किटे आली. त्या तीन महिन्यांत पार्ले-जीचा खप आजवरच्या साऱ्या विक्रमांपलीकडे गेल्याचे खुद्द कंपनीने सांगितले होते. घरोघरी केक भाजले गेले, फुगे तळले गेले. ज्यांनी कधी मैदा मळला नव्हता अशा हातांनीही तो मळला. कंटाळा आणि भीती या दोहोंवर माणसाने तोंड गोड करण्याचा उपाय शोधला, यात नवल नाही आणि दोषही नाही.

तथापि या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती लपवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. स्थानकाबाहेरचा वडापाव बंद झाला, कचेरीतील वाढदिवसांचे केक बंद झाले. डोंबिवलीची प्रसिद्ध पोळीभाजी केंद्रे काही काळ मिटली आणि घरच्या चुलीवर ताजे अन्न शिजू लागले. प्रवासाचे तीन तास वाचल्यामुळे काहींनी त्यातला अर्धा तास स्वतःच्या देहाला दिला. घरातच योगासने केली, गच्चीवर फेऱ्या घातल्या. चेन्नईच्या डॉ. मोहन यांच्या केंद्रातील मधुमेही रुग्णांच्या पाहणीत टाळेबंदीच्या काळात साखरेचे नियंत्रण सरासरीने ढासळल्याचे दिसले नाही. उलट दिल्लीच्या डॉ. अनुप मिश्रा यांच्या गटाने मधुमेह नसलेल्या १०० जणांची टाळेबंदीच्या पहिल्या सुमारे सात आठवड्यांची माहिती घेतली, तेव्हा त्यांतील ४० टक्के लोकांचे वजन वाढलेले आढळले.

या दोन निष्कर्षांत विसंगती आहे असे वाटेल. आम्हांला तसे वाटत नाही. ज्याला आजार ठाऊक आहे, ज्याच्या घरी साखर मोजण्याचे यंत्र आहे, ज्याला डॉक्टर दूरध्वनीवरून सल्ला देतात, तो सावध राहतो. दूरध्वनीवरून सल्ला देण्याविषयीची अधिकृत नियमावली शासनाने २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी काढली आणि तिचा लाभ रुग्णांना झाला. परंतु उंबरठ्यावरच्या माणसाला रुग्ण म्हणून कोणी ओळखतच नव्हते. त्याने कोणाला दूरध्वनी करावा आणि काय विचारावे? ठाण्याचे सिव्हिल रुग्णालय आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय कोविड रुग्णांसाठी राखून ठेवले गेले. त्या संकटात ते अपरिहार्य होते. खासगी प्रयोगशाळेत नुसत्या शंकेपोटी जाण्याचे धाडस कोणी करीत नव्हते. वार्षिक तपासण्या एक वर्ष पुढे ढकलल्या गेल्या, मग दोन वर्षे, आणि पुष्कळांच्या बाबतीत त्या आजतागायत राहूनच गेल्या.

खुद्द कोविडनेही यात भर घातली. उपचारात वापरलेल्या स्टेरॉइड औषधांनी अनेकांचे प्राण वाचवले, पण ती रक्तातील साखर वाढवतात. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या एका मोठ्या अभ्यासात, जो २०२२ साली प्रसिद्ध झाला, कोविड होऊन गेलेल्यांमध्ये पुढील वर्षभरात नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी अधिक आढळले. ज्यांना तो आजार होऊन गेला त्यांनी ही गोष्ट आपल्या डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

आज गाड्या पूर्ववत धावत आहेत आणि गर्दीही पूर्ववत आहे. पण काही घरांत आठवड्यातले दोन-तीन दिवस कामाचे मेज अजून शयनगृहातच आहे. वाणसामान, भाजी, जेवण दाराशी आणून देणारे तरुण कायमचे आले आहेत. लांबलेले जेवण पुन्हा लवकर झालेले नाही. टाळेबंदी शासनाने उठवली. तिने लावलेल्या सवयी ज्याच्या त्यानेच उठवायच्या आहेत.

त्या उठवता येतात, याला भक्कम पुरावा आहे आणि तो आपल्याच देशातला आहे. डॉ. ए. रामचंद्रन यांनी चेन्नई येथे मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांना तीन वर्षे पाहिले. हे काम २००६ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना नेहमीचाच सल्ला दिला गेला त्यांच्यापैकी ५५ टक्के तीन वर्षांत मधुमेही झाले. ज्यांना आहार सुधारण्यास आणि रोज निदान अर्धा तास भरभर चालण्यास सांगितले, व त्याचा सातत्याने पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. मेटफॉर्मिन हे औषध देऊन जे साधले (४०.५ टक्के) तेच चालण्याने आणि ताटाने साधले, दोन्ही एकत्र केल्यानेही अधिक लाभ झाला नाही. आणखी एक गोष्ट आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. चालणाऱ्या गटाचे वजन फारसे घटले नव्हते, तरीही धोका घटला. ‘महिनाभर चाललो, काटा हलला नाही, सोडून दिले’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

रोज अर्धा तास म्हणजे डोंबिवलीच्या चाकरमान्याने लोकलच्या दिवसांत नकळत केलेल्या चालण्याहूनही कमी. घरून काम असेल त्या दिवशी गाडीच्या जुन्या वेळेला घराबाहेर पडून स्थानकापर्यंत जाऊन परत यावे, असे आम्ही सुचवू. वाट ओळखीची आहे आणि पायांनाही ती पाठ आहे. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे घरातल्या घरात फिरणेही उपयोगी पडते. भाताचा एक डाव कमी करून त्या जागी मासळी, अंडे, उसळ किंवा घट्ट वरण वाढून घ्यावे. फुगे आणि केक नाताळसाठी राखून ठेवावेत.

फीत घरात नसेल तर शिंप्याकडे असते. ती पोटाच्या सर्वांत खालच्या बरगडीच्या आणि कटीच्या हाडाच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, न आवळता धरावी आणि वर दिलेल्या गुणांची बेरीज करावी. बेरीज ६० किंवा अधिक आली, तर उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी या दोन तपासण्या करून घ्याव्यात. वयाची तिशी ओलांडलेल्यांसाठी राष्ट्रीय कार्यक्रमाखाली शासकीय आणि महापालिकांच्या आरोग्य केंद्रांत मधुमेहाची प्राथमिक तपासणी होते. बोटाच्या टोकातून रक्ताचा एक थेंब घेतला जातो आणि मिनिटाभरात उत्तर मिळते.